गळणारे वॉशिंग मशीन : पाणी नेमके कुठून येते ते घरीच कसे शोधावे

मशीनखाली पाणी दिसले की बहुतेक घरांत आधी मेकॅनिकला फोन जातो आणि पाठोपाठ नवीन मशीन घेण्याची चर्चा सुरू होते. गळतीची बरीचशी कारणे मात्र मशीनच्या पत्र्याबाहेरच असतात. नळाच्या जोडातील रबरी वायसर झिजलेला असतो, निचऱ्याचा पाइप उंदराने कुरतडलेला असतो, किंवा मोरीतील न्हाणी ट्रॅप (जाळीखालचे निचऱ्याचे भांडे) तुंबून पाणी उलटे फिरत असते आणि मशीनचा त्यात काहीच दोष नसतो. ही कारणे ओळखण्यासाठी कोणत्याही हत्याराची गरज नाही. पाणी धुलाईच्या कोणत्या टप्प्यावर येते आणि ते स्वच्छ आहे की साबणाचे, एवढे लक्षपूर्वक पाहिले की शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय मशीनचा एकही स्क्रू सैल करू नये, असे माझे मत आहे.

सोलापुरात हा शोध घेताना शहराच्या पाण्याचा विचार करावाच लागतो. महापालिकेचे पाणी मुख्यतः उजनी धरणातून येते आणि ते रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येते. त्यामुळे हौद भरणे, तेथून गच्चीवरील टाकीत पाणी चढवणे आणि टाकीतून मशीनला देणे ही घरोघरची रीत आहे. खंडानंतर नळाला येणाऱ्या पहिल्या पाण्यात गाळ आणि गंज असतो, तर टाकीच्या तळाशी साचलेला गाळ पाणी संपत आले की मशीनकडे ओढला जातो. मध्येच बोअरचे जड, म्हणजे क्षारयुक्त, पाणी वापरले जाते आणि त्याचे पांढरे थर रबरावर व जाळीवर बसतात. भरीस भर म्हणजे धुण्यात सोलापुरी चादरी आणि टॉवेल असतात, जे पाणी पिऊन जड होतात आणि नवे असताना भरपूर तंतू सोडतात. मशीनसोबत मिळणारी पुस्तिका अखंड आणि स्वच्छ पुरवठा गृहीत धरून लिहिलेली असते, म्हणून तिच्यातील कारणांचा क्रम आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आधी वीज बंद

फरशी ओली असेल तर मशीनला हात लावण्यापूर्वी घराच्या वीज बोर्डावरील त्या भागाचा एमसीबी (स्वयंचलित स्विच) खाली करावा, त्यानंतरच कोरड्या हाताने प्लग काढावा आणि शेवटी नळ बंद करावा. हा क्रम उलटा करू नये, कारण ओल्या फरशीवर उभे राहून प्लग ओढणे हाच या सगळ्या कामातील सर्वांत धोक्याचा क्षण असतो. जुन्या पेठांतील काही घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, परंतु त्यामागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. मशीनच्या पत्र्याला ओझरता स्पर्श करताच झिणझिण्या येत असतील, तर गळतीचा विचार बाजूला ठेवून प्रथम इलेक्ट्रिशियनला बोलवावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असेल आणि मशीन सुरू करताच तो पडत असेल, तर पाणी विजेच्या भागापर्यंत पोहोचल्याची शक्यता गृहीत धरावी आणि घरी पुढील तपासणी करू नये.

वजनाचीही काळजी घ्यावी. फ्रंट लोड मशीनमध्ये काँक्रीटची वजने असतात आणि ते सहज साठ किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे ते एकट्याने मागे झुकवू नये. सेमी ऑटोमॅटिक मशीन त्या मानाने बरेच हलके असते.

कोरड्या वर्तमानपत्राची चाचणी

मशीनखालील फरशी पूर्ण पुसून कोरडी करावी. मशीनच्या चारही कोपऱ्यांखाली आणि मध्यभागी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे सरकवावेत, नळाच्या जोडाभोवती कोरड्या कागदाची पट्टी गुंडाळावी आणि निचऱ्याचा पाइप जिथून बाहेर पडतो तिथेही एक तुकडा ठेवावा. त्यानंतर कपडे व पावडर न घालता सर्वांत लहान धुलाई सुरू करावी आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन शेवटपर्यंत तिथेच थांबावे. चाचणी लावून स्वयंपाकघरात जाण्यात अर्थ नाही, कारण शेवटी दिसणारे थारोळे पाणी कुठे साचले ते सांगते, कुठून आले ते सांगत नाही. शहाबादी फरशीला बहुधा मोरीकडे उतार असतो, त्यामुळे मागच्या बाजूने गळलेले पाणी पुढे येऊन दारातून गळल्याचा भास होतो. प्रथम कोणता कागद भिजला, हे म्हणूनच महत्त्वाचे.

ही रिकामी धुलाई कोरडी पार पडली, तर पावडरसह आणि त्यानंतर नेहमीच्या कपड्यांसह तीच चाचणी करावी. पाणी फक्त पावडर घातल्यावरच येत असेल तर फेस हे कारण, आणि फक्त कपड्यांच्या वजनानेच येत असेल तर समतोल किंवा सील (पाणी अडवणारी रबरी कडी) यांकडे पाहावे. पावडर घातल्यावरही पाणी अगदी स्वच्छ असेल तर ते नळापासून टबापर्यंतच्या वाटेवर गळते आहे. साबणाचे किंवा मळकट असेल तर टब, दार, पंप किंवा निचरा यांपैकी कुठेतरी दोष आहे.

स्वच्छ पाणी : नळ, पाइप आणि इनलेट व्हॉल्व्ह

नळाचा जोड हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वारंवार आढळणारा दोष आहे. पाइपाच्या दोन्ही टोकांच्या प्लास्टिक नटात एक सपाट रबरी वायसर असतो आणि पाणी अडवण्याचे काम तोच करतो, आटे नव्हेत. त्यामुळे या नटावर टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी गळती थांबत नाही. टेपची जागा नळ आणि भिंतीतील सॉकेट यांच्या जोडावर आहे. नळ बंद करून नट काढावा, वायसर बाहेर काढून तो दुमडून पाहावा आणि कडक झाला असल्यास, चिरला असल्यास किंवा एका बाजूला दबला असल्यास नवीन घालावा. नट हातानेच घट्ट करावा, लागलाच तर पक्कडीने अगदी थोडा फिरवावा. मशीनकडच्या बाजूचे आटे प्लास्टिकचे असतात आणि जोर लावल्यास व्हॉल्व्हची मानच तडकते, मग दहा-वीस रुपयांच्या वायसरचे काम संपूर्ण व्हॉल्व्हवर जाते. साध्या गोल तोटीवर चार स्क्रूंचा अॅडॅप्टर बसवलेला असेल, तर ते स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळावेत. एक स्क्रू पूर्ण आणि दुसरा अर्धवट आवळला तर रबर तिरके बसते आणि महापालिकेचे पाणी थेट येणाऱ्या तळमजल्यावरील घरात पूर्ण दाब येताच तो अॅडॅप्टर निसटतो. थेट जोडणी असेल तर वापर नसताना नळ बंद ठेवावा, कारण पाणी रात्री-अपरात्री आले तर फुटलेल्या पाइपातून घरभर पाणी होते.

मशीन बंद असताना ड्रममध्ये पाणी साचणे हा प्रकार सोलापुरात बराच दिसतो आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मशीनच्या मागील बाजूस, पाइप जिथे जोडला जातो, तिथे विजेवर चालणारा इनलेट व्हॉल्व्ह असतो. त्याच्या आत रबराचा पातळ पडदा असतो. वीज मिळाली की पडद्याच्या मध्यावरील बारीक छिद्र उघडते आणि पाण्याचा दाब पडदा उचलतो. वीज गेली की पाण्याचाच दाब पडद्याला पुन्हा खाली दाबून वाट बंद करतो. म्हणजे व्हॉल्व्ह नीट बंद होण्यासाठीही दाब लागतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब मिळतो, तेव्हा एकमजली घराच्या गच्चीवरील टाकीतून तळमजल्यावरील मशीनला जेमतेम ०.३ ते ०.४ बार मिळतो, आणि अनेक मशीनची किमान गरज साधारण तेवढीच असते. उंच इमारतीतही टाकीच्या अगदी खालच्याच मजल्यावर मशीन असेल तर दाब असाच कमी मिळतो. अशा कमी दाबात पडद्याखाली गाळाचा एक कण जरी अडकला, तरी पाणी थेंब थेंब ड्रममध्ये उतरत राहते.

यासाठी सोपी परीक्षा आहे. ड्रम रिकामा करून प्लग काढावा आणि नळ मात्र उघडाच ठेवावा. काही तासांनी ड्रममध्ये पाणी आढळले तर व्हॉल्व्ह वीज नसतानाही गळतो आहे, म्हणजे आत कचरा आहे किंवा पडदा खराब झाला आहे. प्लग काढल्यावर पाणी थांबते, पण मशीन चालू असताना ते पातळीच्या वर भरतच राहते, असे असेल तर दोष व्हॉल्व्हचा नसून पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरचा, त्याच्या बारीक नळीचा किंवा सर्किटचा असतो. ती नळी साबणाच्या गाळाने तुंबली तर मशीनला टब रिकामाच वाटतो.

व्हॉल्व्हच्या तोंडाशी एक लहान जाळी असते. नळ बंद करून, पाइपातील उरलेले पाणी बादलीत सोडून, पाइप सोडवावा आणि चिमट्याने किंवा पक्कडीच्या टोकाने जाळीच्या मध्यावरील उंचवटा धरून ती सरळ बाहेर ओढावी. जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासावी. पांढरा थर बसला असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्यात थोडा वेळ भिजत ठेवावी. जाळी फाटली असेल तर ती काढून तसेच मशीन चालवू नये, कारण तिच्यातून सुटलेला गाळ थेट पडद्याखाली जाऊन बसतो. बोअर आणि महापालिका असे दोन्ही पाणी वापरणाऱ्या घरांत ही जाळी दर महिन्याला पाहावी आणि नळ व पाइप यांच्यामध्ये धुता येणारा एक लहान फिल्टर बसवावा, मात्र त्यानेही थोडा दाब कमी होतो हे लक्षात ठेवावे.

पावडरच्या कप्प्यातून पुढे गळणारे पाणीही बहुधा स्वच्छ किंवा किंचित फेसाळ असते. कप्पा पूर्ण बाहेर काढून त्याच्या वरच्या छतातील बारीक छिद्रे टूथब्रशने मोकळी करावीत. छिद्रे बुजली की पाण्याची धार वाकडी होऊन पुढच्या कडेवर आदळते.

साबणाचे पाणी : फेस, दार आणि फिल्टर

बोअरच्या जड पाण्यात फेस कमी होतो, म्हणून पावडर जास्त टाकण्याची सवय लागते. त्याच मापाची पावडर महापालिकेच्या पाण्यात टाकली की फेस दुप्पट वाटावा इतका चढतो आणि कप्प्यातून किंवा मागच्या हवेच्या नळीतून बाहेर येतो. हाताने धुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये वापरल्यास हेच होते. फेसाचे पाणी ही मशीनची बिघाड नव्हे. पावडर निम्मी केल्यावर गळती थांबली तर कोणाला बोलवण्याची गरज नाही.

फ्रंट लोडच्या दारातून पाणी येत असेल तर दाराभोवतीचे रबर, म्हणजे गॅस्केट, बोटाने उलगडून त्याच्या आतल्या घडीत पाहावे. टॉवेलचे तंतू, केस, नाणी, सेफ्टी पिन हे सगळे खालच्या घडीत साचते आणि तेथील निचऱ्याची छिद्रे बुजवते. चादरीच्या काठाचा एखादा लांब दोरा रबर आणि काच यांच्यामध्ये अडकला, तर त्या दोऱ्यावाटेच पाणी बाहेर झिरपते. रबराइतकीच काचेची कडही ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्यावरील क्षारांचा खरखरीत थर रबराला चिकटू देत नाही. दार उघडल्यावर किंचित वर उचलून पाहावे. ते बिजागरीत हलत असेल, तर मुलांनी टेकल्यामुळे किंवा ओल्या चादरी दारावर टाकण्याच्या सवयीमुळे ते खाली झुकले आहे आणि खालच्या बाजूला फट राहते. गॅस्केट फाटले असेल तर ते बदलणे हाच उपाय आहे. एम-सील किंवा सायकलच्या पंक्चरचे ठिगळ लावण्याचा सल्ला बरेच जण देतात, परंतु सतत दुमडणाऱ्या रबरावर ते टिकत नाही.

पुढच्या खालच्या कोपऱ्यातील लहान झाकणामागे पंपाचा फिल्टर असतो. गरम पाण्याची धुलाई झाली असेल तर पाणी निवू द्यावे. सपाट ताट किंवा परात खाली सरकवावी, जवळची बारीक नळी असल्यास तिचे बूच काढून पाणी हळूहळू सोडावे आणि मग फिल्टर डावीकडे फिरवून काढावा. काही लिटर पाणी बाहेर येते, म्हणून पोतेरे हाताशी असावे. आतील पंपाचे पंखे टॉर्चने पाहावेत आणि तिथे दोरा गुंडाळलेला असल्यास काढावा. फिल्टर परत बसवताना त्यावरील रबरी रिंग स्वच्छ व जागेवर आहे याची खात्री करावी आणि आटे सरळ पकडून तो शेवटपर्यंत फिरवावा. साफसफाईनंतरच गळती सुरू झाली असेल तर फिल्टर तिरका बसला आहे, असेच समजावे.

क्षार काढण्यासाठी रिकाम्या ड्रममध्ये लिंबूसत्व घालून गरम पाण्याची धुलाई करता येते, पण त्या धुलाईत किंवा तिच्या लगेच आधी-नंतर ब्लीच कधीही वापरू नये. आम्ल आणि ब्लीच एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

निचऱ्याच्या वेळी येणारे पाणी

पाणी सोडतानाच फरशी ओली होत असेल तर मशीनला दोष देण्यापूर्वी न्हाणी ट्रॅपमध्ये एक बादली पाणी एकदम ओतून पाहावे. ते वर चढले तर ट्रॅप तुंबलेला आहे. जाळी उचलून आतील वाटी काढावी, तंतू व केसांचा गोळा हाताने काढावा आणि वाटी पुन्हा जागेवर ठेवावी, नाहीतर गटाराचा वास व झुरळे वर येतात. चादरी-टॉवेल नियमित धुणाऱ्या घरात पाइपाच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधली तर ट्रॅप सहसा तुंबत नाही, परंतु ती पिशवी दर धुलाईनंतर रिकामी करण्याची शिस्त हवी.

पाइपाच्या मांडणीत मशीनप्रमाणे फरक आहे आणि येथे गोंधळ बराच होतो. पंप असलेल्या मशीनचा निचऱ्याचा पाइप साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरून वळवलेला असावा. तो जमिनीवर पडलेला राहिला तर पाणी आपोआप ओढले जाते आणि मशीन भरत आणि सोडत राहते. याउलट पंप नसलेल्या टॉप लोड व सेमी ऑटोमॅटिक मशीनचा पाइप जमिनीलगतच असावा लागतो, उंबरठ्यावरून उंच नेला तर पाणी अडते. आपल्या मशीनला पंप आहे की नाही हे पुस्तिकेतून किंवा निचऱ्याच्या वेळी येणाऱ्या घरघरीवरून कळते.

उंदीर पाइप कुरतडतात, आणि तेही बहुधा मशीनच्या पोटातील, बाहेरून न दिसणारा भाग. मशीनचा तळ उघडा असेल तर तिथे जाळी किंवा पत्रा बसवून घ्यावा. तारा कुरतडलेल्या दिसल्यास प्लग लावू नये.

टॉप लोडमध्ये धुलाई चालू असतानाच निचऱ्याच्या पाइपातून पाणी वाहत असेल तर ड्रेन व्हॉल्व्हच्या (पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) तोंडात नाणे, बटण किंवा तंतूंचा गोळा अडकला आहे. सेमी ऑटोमॅटिकमध्ये हा भाग घरी साफ करता येतो. धुलाईच्या टबातील उभी, काढता येणारी जाळीदार पट्टी काढली की तिच्या खाली रबरी बूच आणि स्प्रिंग दिसते. ते घासून, स्प्रिंग नीट बसवून, नॉबची तार सैल झाली नाही ना हे पाहावे.

पिळताना येणारे पाणी आणि जड चादरी

एकच मोठी ओली चादर पिळायला लावली तर ती ड्रमच्या एका बाजूला गोळा होते, टब आपटतो आणि पाणी कडेवरून उडते. पाणी नेहमीच्या कपड्यांना येत नाही आणि चादरीलाच येते, एवढ्यावरून हे ओळखता येते. चादर घडी घालून ड्रमभोवती समान पसरावी, सोबत टॉवेल घालून भार सारखा करावा आणि दोन जाड चादरी लहान मशीनमध्ये एकत्र कोंबू नयेत. मशीनचे समोरासमोरचे कोपरे दाबून पाहावेत. डोलत असेल तर पाय फिरवून उंची जुळवावी आणि वरचा लॉक नट आवळावा. शहाबादी फरशीचे सांधे वर-खाली असतात, तेव्हा पाय सांध्यावर येणार नाही अशी जागा निवडावी.

सेमी ऑटोमॅटिकच्या पिळण्याच्या बाजूखालून सतत थेंब पडत असतील तर स्पिन सील गेलेले असते. पिळताना कपड्यांवर ठेवायचे प्लास्टिकचे झाकण न वापरल्यास रुमाल किंवा मोजे ड्रम व टब यांच्या फटीत जातात आणि सील फाडतात. सील बदलण्यासाठी ब्रेक सोडवून ड्रम काढावा लागतो, म्हणून हे काम घरी करू नये. फ्रंट लोडमध्ये पिळताना विमानासारखा आवाज येत असेल आणि टबाच्या मागे तपकिरी गंजाचे ओघळ दिसत असतील, तर मुख्य सील व बेअरिंग दोन्ही गेली आहेत. टॉप लोडच्या बरोबर मध्यभागातून साबणाचे पाणी पडत असेल तर शाफ्टचे (ड्रम फिरवणाऱ्या दांड्याचे) सील संशयित. या तिन्ही प्रकारांत मशीन वापरणे थांबवावे, कारण पाणी मोटरपर्यंत जाते आणि दुरुस्तीचा खर्च वाढत राहतो.

मेकॅनिकला बोलावताना

दाराच्या आत किंवा मागील पत्र्यावर असलेल्या मॉडेल क्रमांकाचा फोटो आणि गळतीचा छोटा व्हिडिओ आधीच पाठवावा. पाणी कोणत्या टप्प्यावर येते, स्वच्छ की साबणाचे, आणि आपण काय साफ केले, हे सांगितल्यास तो योग्य सुटा भाग घेऊनच येतो आणि दुसरी फेरी वाचते. वॉरंटी शिल्लक असल्यास कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राखेरीज कोणाला पत्रा उघडू देऊ नये. मोठी दुरुस्ती करण्यापूर्वी सुटा भाग आणि मजुरी वेगवेगळी विचारावी. सील बदलायचे ठरल्यास बेअरिंगही त्याच वेळी पाहायला सांगावे, कारण दोन्हींसाठी टब उघडण्याची मजुरी सारखीच पडते. काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी, मेकॅनिक समोर असतानाच, कोरडी वर्तमानपत्रे पुन्हा मशीनखाली घालून एक पूर्ण धुलाई पिळण्यासह चालवून पाहावी आणि बदललेला जुना भाग आपल्याकडे ठेवून घ्यावा.